घड दिल्लीला गेला, खोडाचे काय?

माननीय कृषिमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



गेल्या आठवड्यात आमच्या बागेची कापणी झाली. सकाळी सातला टोळी आली. घड उतरले, फण्या सुटल्या, धुतल्या गेल्या, खोक्यांत बसल्या आणि चार वाजता गाडी दिल्लीच्या वाटेला लागली. संध्याकाळी मी एकटीच बागेत गेले. समोर नुसती खोडे. काही उभी, काही आडवी, पायाखाली पानांचा आणि चिकाचा चिखल. घडाचे पैसे हिशेबात आले होते. खोडे बाहेर काढायला आता मजूर सांगावे लागणार होते, आणि त्यांची मजुरी त्याच घडाच्या पैशांतून जाणार होती. अकरा-बारा महिने ज्याला पाणी पाजले, खत घातले, वादळात ज्याच्यासाठी रात्र जागून काढली, ते खोड एका दुपारीत माझ्या डोक्यावरचे ओझे झाले.

रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर, या पट्ट्यातल्या कुठल्याही रस्त्याने कापणीच्या दिवसांत जाऊन पाहा. बांधावर खोडे, नाल्यात खोडे, शिवाररस्त्याच्या कडेला सडून काळी पडलेली खोडे. वाळली की कुणी काडी लावतो. सडू दिली तर खोड पोखरणाऱ्या भुंग्याला त्यात घर मिळते आणि तो शेजारच्या उभ्या बागेत जातो. शेतकऱ्याला हौस म्हणून तो खोड नाल्यात टाकत नाही. त्याला शेत रिकामे हवे असते आणि दुसरी जागा त्याच्यापाशी नसते.

हिशेब ढोबळ आहे, पण तो तुमच्या टेबलावर असायला हवा. दीड मीटर बाय दीड मीटरवर लागवड केली तर हेक्टरी साधारण 4,400 झाडे बसतात. एका खोडाचे वजन पंधरा किलो धरले तरी हेक्टरी साठ-पासष्ट टन ओले खोड मागे राहते. जळगाव जिल्ह्यात केळीखाली चाळीस हजार हेक्टरांहून अधिक जमीन आहे. म्हणजे एकट्या आमच्या जिल्ह्यात एका पिकामागे निदान चोवीस लाख टन खोड. केळीच्या टनांचे आकडे दरवर्षी अहवालांत छापून येतात. हा आकडा मी तरी कुठल्या अहवालात वाचलेला नाही.

केळीचे खोड हे लाकूड नव्हे. पानांचे देठ एकमेकांभोवती घट्ट गुंडाळले गेले की ते बनते. एक सोपट काढले की आत दुसरे, त्याच्या आत तिसरे. जुन्या वेदान्त्यांनी संसाराला कदलीस्तंभाची उपमा दिली ती याचमुळे. सोलत जा, हाती सार काही लागत नाही. अध्यात्मात ती उपमा चपखल असेल. शेतात ती खरी नाही, कारण त्या प्रत्येक सोपटात वरपासून खालपर्यंत उभा धागा आहे, आणि तो चिवट आहे. देवळापुढे बसून गजरे करणाऱ्या बाईला हे कधीपासून माहीत आहे. ती सोपट भिजवते, नखाने त्याचा दोरा काढते आणि मोगऱ्याला गाठ मारते. फुलाचा देठ तुटत नाही, दोरा सुटत नाही.

या झाडाच्या सख्ख्या भावंडाने तर जगभर नाव काढले आहे. फिलिपाइन्समधला अबाका हा केळीच्याच कुळातला. त्याची केळी खाण्याजोगी नसतात, तिथले शेतकरी त्याला खोडातल्या धाग्यासाठीच लावतात. मनिला दोर म्हणून जगभरच्या जहाजांवर जो वापरला गेला, तो या खोडाचा. आजही टी-बॅगांचा कागद अबाकापासून होतो आणि जपानच्या चलनी नोटांच्या कागदात अबाका असतो. जपानच्याच ओकिनावा बेटावर किजोका नावाच्या गावात केळीच्या एका जातीच्या धाग्यापासून उन्हाळ्यात नेसायचे झिरझिरीत कापड विणतात. त्या कलेला 1974 मध्ये राष्ट्रीय वारशाचा मान मिळाला. आमची ग्रँड नाईन जातीची केळी म्हणजे अबाका नव्हे, हे मला कळते. तिचा धागा अबाकाइतका पाण्याला टिकत नाही. तरी तो धागा आहे, आणि आम्ही तो सडवतो आहोत.

तुम्ही म्हणाल, मग आतापर्यंत कुणी केले का नाही? केले आहे, आणि फार दूर नाही. नवसारी कृषी विद्यापीठाने राष्ट्रीय कृषी नवोन्मेष प्रकल्पाखाली केळीच्या खोडाचा सांगोपांग अभ्यास केला. त्यांच्या जोडीला मुंबईत माटुंग्याची 'सिरकॉट' ही कापूस तंत्रज्ञान संस्था होती, सुरतेची 'मंत्रा' ही वस्त्रसंशोधन संस्था होती आणि सोनगडची कागद गिरणी होती. सोनगड तर आमच्या भुसावळ-सुरत रेल्वेमार्गावरचे. त्यांनी सोपटातून धागा काढला, उरलेल्या चोथ्याचे खत केले, आतल्या गाभ्याची कँडी केली, आणि पिळून निघालेल्या पाण्यापासून 'नौरोजी' नावाचे द्रवरूप खत तयार करून विकायला ठेवले. अहमदाबादच्या 'साथी' या कंपनीने केळीच्या धाग्याचे सॅनिटरी पॅड बाजारात आणले. चेन्नईजवळच्या अनकापुत्तूरचे विणकर या धाग्याच्या साड्या विणतात. उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खिरीच्या बायका हाच धागा काढतात, त्यांची गोष्ट पंतप्रधानांनी 2021 च्या जुलैमध्ये 'मन की बात'मध्ये सांगितली. आणि रावेरहून रेल्वेने अर्ध्या-पाऊण तासावर असलेल्या बुऱ्हाणपुरात बचत गटांच्या बायका त्याच्या टोप्या आणि पिशव्या करतात. तीच तापी, तीच काळी माती, तीच केळी. मध्ये फक्त राज्याची हद्द.

2016 मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले. आमच्या फळाला नाव मिळाले, याचा मला अभिमान आहे. खोडाला अजून कुणी हाक मारलेली नाही.

आता आमच्या बचत गटाची हकीकत सांगते, कारण तुमच्याकडे यशोगाथा पुष्कळ येत असतील.

काही वर्षांपूर्वी आम्ही अकरा जणींनी कर्ज काढून धागा काढायचे यंत्र घेतले. यंत्र साधे आहे. लोखंडी ढोल गरगर फिरतो, त्याच्यावर बोथट पाती बसवलेली असतात. सोपटाची लांब पट्टी हातात धरून आत सरकवायची; पाती गर खरवडून टाकतात, धागा उरतो. अर्धी पट्टी झाली की बाहेर ओढायची आणि दुसरे टोक आत द्यायचे. मग धुवायचे, पिळायचे, दोरीवर वाळत घालायचे. वाळलेला धागा पहिल्यांदा उन्हात चमकला तेव्हा गटातल्या एका काकूंनी तो हातात घेतला आणि म्हणाल्या, "अगं, हे तर रेशीम!" तो दिवस मी विसरणार नाही.

पण मग अडचणी एकामागून एक उभ्या राहिल्या. खोड कापल्यावर दोन दिवसांत यंत्रात गेले नाही तर धागा तपकिरी पडतो, आणि आमचे यंत्र गावात, बागा तीन-चार किलोमीटरवर. ट्रॅक्टर भरून खोडे आणायची म्हणजे पाणीच वाहून आणायचे, कारण खोडात दहातले नऊ हिस्से पाणी. शंभर किलो खोडातून सुका धागा निघतो किलोभर, फार तर थोडा अधिक. उरलेला नव्याण्णव किलोंचा चोथा आणि पाणी गावात साचू लागले, वास सुटला, शेजारी भांडायला आले. थ्री फेज वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्री फिरत्या ढोलापुढे हात घालायची माझी छाती होत नव्हती, दुसऱ्या कुणाला मी कशी सांगणार? दोघींनी दिवसभर राबून दहा-बारा किलो धागा निघायचा. यंत्र विकणाऱ्याने धागाही आपणच घेऊ असा शब्द दिला होता. पहिली खेप त्याने घेतली. दुसऱ्या खेपेला धागा जाड-बारीक आहे, रंग एकसारखा नाही म्हणाला. तिसऱ्या खेपेला त्याने फोन उचलला नाही. यंत्र दीड वर्ष चालले. कर्ज आम्ही पुढे चार वर्षे फेडले, एकही हप्ता चुकवला नाही, कारण गटाचे नाव राखायचे होते.

त्या दीड वर्षाने आम्हाला जे शिकवले, ते सांगण्यासाठीच हे पत्र आहे. खोड यंत्राकडे नेऊ नका, यंत्र खोडाकडे न्या.

कुणी जिल्ह्यात मोठा कारखाना काढायचा प्रस्ताव घेऊन तुमच्याकडे येईल. भूमिपूजन होईल, पाटी लागेल. त्याला कृपा करून आधी एवढेच विचारा की रोज शेकडो टन पाणी ट्रकमध्ये भरून कारखान्यापर्यंत आणणार कोण, आणि त्याचे डिझेल कोण भरणार. वाहतुकीतच असा कारखाना बुडेल आणि मग सगळे म्हणतील, केळीच्या धाग्यात काही राम नाही. ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे त्याच्याच इंजिनाच्या जोरावर चालणारे यंत्र बांधावर आले तर विजेची वाट पाहावी लागत नाही, खोड त्याच दिवशी सोलले जाते आणि बागेबाहेर जातो तो फक्त हलका, सुका धागा. बाकी सगळे तिथेच पडते.

आणि ते तिथेच पडले पाहिजे. या बाबतीत मी थोडी हट्टी आहे. केळी जमिनीतून पालाश अफाट ओढते आणि त्यातला मोठा वाटा खोडात राहतो. म्हणूनच आमचे जुने शेतकरी कापणीनंतर खोड एकदम बुडातून छाटत नसत. तीन-चार फुटांचे ठेवून हळूहळू उतरवत, म्हणजे त्यातला जीव बुडाशी फुटलेल्या पिलाकडे जाई आणि खोडवा, म्हणजे त्याच बुडाचे पुढचे पीक, जोमदार येई. माझे सासरे याला "आईने पिलाला पाजणं" म्हणत. उद्या धाग्याला भाव आला आणि खोडेच्या खोडे शेताबाहेर जायला लागली, तर चार वर्षांत आमच्या जमिनी उपाशी पडतील आणि आम्ही पोत्याने पोटॅश विकत आणू. टिकाऊ वस्तू बनवायच्या आणि जमीन मात्र टिकवायची नाही, हा व्यवहार मला नको. एक टक्का धागा न्या. चोथा गांडूळखताला, पाणी ठिबकला किंवा पिलाच्या बुडाशी. योजनेच्या कागदावर ही अट पहिल्या ओळीत हवी. खोडवा धरलेल्या बागेत बुडाचा भाग पिलासाठी राखावा आणि धागा वरच्या भागातून घ्यावा. जिथे बाग पूर्ण मोडायची आहे, तिथेच सगळे खोड सोलावे.

आता गिऱ्हाइकाचे. यंत्रे वाटणे सोपे आहे, आमच्यासारख्या किती गटांची यंत्रे गोठ्यात पडली असतील! धागा कोण घेणार, हा प्रश्न आधी सुटला पाहिजे. शोभेच्या पिशव्या, चटया, टेबलावरचे रुमाल होतात, त्यांना मी नावे ठेवत नाही. पण प्रदर्शनात विकल्या जाणाऱ्या पिशव्यांवर चोवीस लाख टन खोडाचा निकाल लागणार नाही. मला विचाराल तर केळीच्या धाग्याचे पहिले गिऱ्हाईक केळीच आहे.

माझ्या बागेत या आणि प्लॅस्टिक मोजा. रोप येते ते प्लॅस्टिकच्या पिशवीत. बाग निसवली, म्हणजे घड बाहेर पडले, की घडावर स्कर्टिंग बॅग चढते. घड जड झाला की मे-जूनच्या वादळात झाड मोडू नये म्हणून त्याला प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधतात. निर्यातीचा माल असेल तर फण्यांमध्ये फोम येतो. पूर्वी आमचे लोक गाडी भरताना केळीचीच पाने खाली-मध्ये घालत. आता कापणी झाली की खोडांबरोबर हे सगळे प्लॅस्टिक तुकडे-तुकडे होऊन मातीत मिसळते. रोटाव्हेटरच्या पात्यांना गुंडाळलेली निळी पट्टी सोडवत बसणे हे आमच्या घरातले दर हंगामाचे काम आहे. राज्याने 2018 मध्ये प्लॅस्टिकबंदी आणली, 2022 च्या जुलैपासून केंद्राने एकदा वापरून फेकायच्या वस्तूंवर बंदी घातली. बाजारातली पिशवी थोडीफार कमी झाली. शेतात मात्र प्लॅस्टिक वाढतच गेले.

निसवणीपासून कापणीपर्यंत तीन ते चार महिने लागतात. घडाला आधार हवा तो तेवढेच दिवस. आमच्या गटाने वळलेला दोर एका पावसाळ्यात कुजला, म्हणून एका व्यापाऱ्याने नाकारला होता. पण केळीला बांधायला मी तसाच दोर वापरला. चार महिने त्याने घड तोलला, आणि कापणीनंतर तो सोडवायलाही लागला नाही, खोडाबरोबर मातीत गेला. व्यापाऱ्याला जो दोष वाटला, तो बागेत गुण ठरला. हेच रोपांच्या कुंडीचे. धाग्याची आणि चोथ्याची दाबून केलेली कुंडी रोपासकट जमिनीत लावता येईल. सरकारी रोपवाटिका, वन विभागाच्या रोपवाटिका दरवर्षी काळ्या पिशव्या केवढ्या घेतात, याचा आकडा तुमच्या खात्याला एका दिवसात मिळेल. त्यातला दहावा हिस्सा जरी केळीच्या कुंड्यांचा झाला, तरी आमच्या तालुक्यातल्या बायकांना वर्षभर काम पुरेल.

यासाठी नवी संस्था काढायची गरज नाही. जळगावला राहुरी विद्यापीठाचे केळी संशोधन केंद्र आहे. रावेर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी पालचे कृषी विज्ञान केंद्र आहे. 1924 पासून धाग्याचाच अभ्यास करणारी 'सिरकॉट' तुमच्या मंत्रालयापासून लोकलने अर्ध्या तासावर आहे. केळी विकास महामंडळाची घोषणाही होऊन गेली. या चौघांना एका टेबलाशी बसवणे एवढेच राहिले आहे, आणि ते तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातात नाही. त्यांनी आधी धाग्याची प्रतवारी ठरवावी: बाहेरच्या सोपटाचा जाड धागा कोणता, आतला मऊ कोणता, ओलावा किती चालेल. प्रतवारी असती तर तिसऱ्या खेपेला आमचा फोन न उचलणे इतके सोपे गेले नसते. सावद्याला किंवा रावेरला एक खरेदी केंद्र हवे, तिथे प्रत आणि भाव पाटीवर लिहिलेला हवा. यंत्रे गावाच्या अवजार बँकेत किंवा शेतकरी उत्पादक कंपनीत हवीत, एकेका गटाच्या गळ्यात नकोत. आणि ढोलापुढे हात वाचवणारी जाळी असल्याशिवाय एकाही यंत्राला अनुदान देऊ नका. केळीच्या चिकाने आमचे कपडे कायमचे डागळतात, तो डाग कुठल्याच साबणाने जात नाही, त्याची आम्हाला सवय आहे. बोटे गेली तर मात्र परत येत नाहीत.

आमच्याच पट्ट्यातल्या फैजपूरला 1936 च्या डिसेंबरात काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. गांधीजींचा आग्रह होता की अधिवेशन खेड्यात व्हावे आणि खेड्यात मिळेल त्याच सामानातून उभे राहावे. नंदलाल बोस आले आणि त्यांनी बांबू, गवत असल्या साध्या वस्तूंतून सगळे नगर सजवले. गावात जे आहे त्यातूनच गावाचे काम उभे करायचे, हा धडा त्या शिवाराने एकदा गिरवलेला आहे. त्या शिवारात आज रस्त्याच्या कडेला खोडे सडतात आणि शेतात प्लॅस्टिकच्या पट्ट्या फडफडतात, हे मला बघवत नाही.

सगळा जिल्हा एकदम बदला, असे मी म्हणत नाही. एक तालुका घ्या. एका कापणीच्या हंगामात दहा यंत्रे बांधावर फिरू द्या, निघालेला सगळा धागा दोर आणि कुंड्यांसाठी सरकारने ठरल्या भावाने घ्यावा, आणि हंगामाच्या शेवटी हिशेब जाहीर करा. तोटा आला तर तोही जाहीर करा. आम्ही आमचा तोटा चार वर्षे फेडला आहे, आम्हाला खरे आकडे सोसतात. आमचे यंत्र अजून गोठ्यात आहे. पत्र्याखाली आहे, गंजलेले नाही. त्या दहांच्या जोडीला ते अकरावे म्हणून घ्या, चालवायला आम्ही आहोत.

एक विनंती. तुम्ही केळीच्या बागेत येता तेव्हा घड लागलेले असतात, फोटो चांगला येतो. एकदा कापणीच्या दिवशी या. गाडी निघून गेल्यावर, संध्याकाळी पाचच्या सुमारास या.

आपली,
रावेर तालुक्यातील एक केळी उत्पादक शेतकरी